तिसगावची वाकळ आणि बंगालची कांथा

नगरहून पाथर्डीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात कांथा (जुन्या साड्यांची बंगाली गोधडी) होती. बांगलादेशच्या युद्धात मी सीमेवरच्या इस्पितळात मदतीला होतो. आपल्या देशाने मुक्तिफौजेला बंदुका दिल्या, औषधं दिली, आणि गावोगावच्या लोकांनी पांघरुणं. 'तिसगाव' लिहिलेल्या पोत्यातली एक गोधडी तिथे मुक्तिफौजेच्या एका जखमी सैनिकाला मिळाली. तो बरा झाला, पण त्याला घरी न्यायला आलेली आई काही ती गोधडी सोडेना. बदल्यात तिने ही कांथा मला दिली आणि गोधडीवालीला पोचवायची शपथ घातली.

करंजीच्या घाटात गाडी तापली. सगळे खाली उतरलो.

"पाव्हनं, लेकीच्या बाळंतपनाला व्हय?" गाठोड्याकडे बघत एका म्हाताऱ्याने विचारलं. माझं लग्नच जमत नव्हतं, पण मी खुशाल हो म्हणालो.

तिसगावात सरपंचांनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याची झणझणीत शेंगोळी वाढली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दोनदा मागून घेतली. मग विचारलं, "कोपऱ्यांना लाल फेट्याचे तुकडे लावलेली गोधडी कोणाची?"

त्यांचा चेहराच उतरला. "आमी कोरी घोंगडी दिली. जुनेरं धाडून गावाचं हसं करू नका, आसं बजावलं हुतं. पार्वताबाईनं गुपचूप कोंबली आसंल!"

पार्वताबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. माझा प्रश्न ऐकून हात थांबले.

"वाकळ (गोधडी) माघारी आली व्हय? आमच्या मालकांच्या फेट्याची हुती. ते गेले, पर ऊब हाय म्हनून दिली. मागनं बायांना सांगितलं, तर म्हनल्या, तिकडं फेकून दिली आसंल. तवापासून पान्याला जायाची लाज वाटती."

मी त्या सैनिकाच्या आईची हकीकत सांगितली आणि कांथा उलगडली. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"आगं बया! ही बी जुनेराचीच की! टाका लई बारीक हाय." त्यांनी ती तोंडाला लावली. हसत होत्या आणि डोळे गळत होते.

मागून आलेले सरपंच कांथा चाचपून म्हणाले, "पार्वताबाई, आमच्या घोंगड्यांच्या बदल्यात कुनी काय बी पाठीवलं न्हाई बगा."

निघताना पार्वताबाईंनी माझं गाठोड्याचं फडकं ओढून घेतलं आणि शेंगदाण्यांनी भरलं. "रिकामं फडकं माघारी देत न्हाईत. त्या माउलीला द्या."

"अहो, ती ढाक्याच्याही पलीकडे राहते!"

"मग? तुमी जाताच की."

करंजीच्या घाटात गाडी पुन्हा तापली. भूक लागली होती, पण गाठ सोडली नाही. पुण्यात घरी आईने गाठोडं चाचपून विचारलं, "शेंगदाणे का?"

"आपले नाहीत," म्हणालो, आणि कलकत्त्याच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेलो.