बन्सीची राहिलेली बुडी

मुकुंदवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत बन्सीला सगळे ‘कोरडा जावई’ म्हणायचे. जावई अशासाठी, की बायको पारूबाई मंडळीतली, आणि हा नुसता तिच्या मागं येऊन बसणारा. कोरडा अशासाठी, की त्यानं बाप्तिस्म्याची बुडी घेतली नव्हती. ह्या मंडळीत बुडी म्हणजे बुडी. कपाळाला पाण्याचं बोट लावून भागत नव्हतं. माणूस डोक्यासकट पाण्याखाली गेला पाहिजे, केसाचं टोकसुद्धा वर दिसता कामा नये.

दोघं नवरा-बायको गंगापूरकडची. बहात्तरच्या दुष्काळात गावातली विहीर आटली तशी काही घरं उठली आणि शहराच्या कडेला खडी फोडायला आली. तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे शेतं, बाभळी आणि एवढंसं स्टेशन. मिशनची माणसं खाणीवर यायची, लेकरांना सुकडी वाटायची आणि संध्याकाळी पेटी वाजवून गाणी म्हणायची. पारूबाईला गाणी आवडली. सुकडीही आवडली, ते ती कधी लपवत नसे. पुढच्या साली पाऊस झाला, खाणीजवळच्या मळ्यातली विहीर भरली, तशी तिनं त्या विहिरीत बुडी घेतली. बन्सी तिचं कोरडं लुगडं धरून काठावर उभा.

“तू बी उतर की रं,” साहेबराव पाण्यातूनच ओरडला. साहेबराव त्यांच्याच गावचा, बन्सीचा लहानपणचा सोबती. त्याचीही बुडी त्याच दिवशी झाली होती.

“नाय बाबा. लोकं म्हनतील, सुकडीसाठी देव बदलला. आधी पोट भरू दे. मंग घेईन.”

“आन कधी भरायचं तुझं पोट?”

“ते तुझ्या देवालाच इचार की!”

पोट काही भरलं नाही, आणि दिवस मात्र भराभर गेले. चिकलठाण्याला कंपन्या आल्या. बन्सी खडी सोडून हमालीला लागला. सिडकोची घरं उठली, शेतं गेली, मळा गेला. विहीर बुजवून तिच्यावर चार मजले चढले, आणि खालच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आलं. पारूबाई तिथून जाताना म्हणायची, “हितं माझं तारण झालं व्हतं. आता रिचार्ज व्हतंय.”

खरं सांगायचं तर तिला आधी वाटलं होतं, बुडी घेतली की तारण झालं, आपण पापातून सुटलो. पण विहिरीतून वर आली ती तीच पारू. तोंडाळ, आणि शेजारणीच्या हंड्यावर डोळा ठेवणारी. शेजारीण द्वारकाबाई, तीही मंडळीतलीच. नळावर दोघींची अशी जुंपायची, की नळ जाईपर्यंत दोघींचेही हंडे रिकामेच. एरवी अशा बायांनी जन्मभर एकमेकींचं तोंड पाहिलं नसतं. पण मंडळीची रीत वाकडी. कुणाशी अबोला असेल त्यानं प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही. आधी जाऊन मिटवून यायचं. मग शनिवारी संध्याकाळी पारूबाई तणतणत द्वारकाबाईच्या दारात. “चुकलं माझं. तुझं बी चुकलंच, पन माझं चुकलं.” रविवारी एका सतरंजीवर, सोमवारी पुन्हा नळावर. असं करता करता, कितीक वर्षांनी, दोघींच्या ध्यानात आलं, की भांडण कधीचं थांबलंय.

बन्सीला ह्यातलं काही करावं लागलं नाही. त्याचं कुणाशी वाकडंच नव्हतं. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या अंथरायचा. कुणी आजारी पडलं, घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं झालं, की सोबत बन्सी. द्वारकाबाईचा नवरा घाटीतच गेला, तेव्हा उशाशी सोयऱ्यांपैकी कुणी नव्हतं, बन्सी होता. बुडी नव्हती म्हणून भाकरीची थाळी त्याच्यापुढून मात्र तशीच सरकायची. तो पुढच्या माणसाकडं बघून हसायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात बन्सीची छाती बसली. तरुणपणी खाल्लेली खडीची धूळ आता वर आली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एक दिवस खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, “पारे, घेतो बुडी.”

“आँ? पोट भरलं वाटतं!”

“अन्नच जात नाय पोटात. आता कोन म्हनल, खायासाठी घेतली म्हनून?”

पारूबाई हसली, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

साहेबराव आता मंडळीचा पंच झाला होता. काठी आणि चष्मा आला होता. पारूबाई त्याच्याकडं गेली. तो म्हणाला, “वहिनी, मृग लागू दे. टँकर येतो आठ दिवसाला. बुडीला पानी कुठून आनायचं?”

“तांब्याभर वता डोक्यावर.”

“आज ह्याला तांब्या, उद्या दुसरा म्हनल मला पेला. नाय वहिनी. आपला बन्सी हाय. त्याचं अर्धंमुर्धं करून देवापुढं कसा पाठवू?”

साहेबराव वाईट नव्हता. सोबत्याचं काही कमी राहू नये, एवढंच त्याच्या मनात. तेच अंगाशी आलं.

शेवटी द्वारकाबाई उठली. टँकर आला त्या दिवशी घरोघर फिरली आणि प्रत्येकीकडून कळशी घेतली. प्रार्थनाघराच्या अंगणात निळा ड्रम काठोकाठ भरला. रविवारी बन्सीला खुर्चीवर बसवून आणला. मंडळीची प्रार्थना चालवणारे नवे तरुण पाळकसाहेब बाह्या वर करून तयार. बन्सीनं ड्रमाकडं बघितलं, मग बायकांकडं.

“द्वारकावहिनी, तुमची नात बाळंतीण हाय ना घरात?”

“हाय की.”

“पोराची दुपटी कशात धुता मंग?”

द्वारकाबाईनं हातातली रिकामी कळशी खाली ठेवली.

“मी एकदा ह्याच्यात बसलो, की हे पानी पुन्यांदा कुनाच्या कामाचं? न्या ज्याचं त्याचं.”

“बन्सी, येड्यावानी करू नको,” साहेबराव म्हणाला.

“तूच म्हनला ना मृगात? मृगात घेऊ.” एवढं बोलून त्याला धाप लागली.

पाळकानं साहेबरावाकडं बघितलं. साहेबरावानं खाली बघितलं. तेव्हा कुणीतरी तांब्या बुडवून त्याच्या डोक्यावर ओतायला पाहिजे होता. ड्रम समोर होता, तांब्याही होता. पण बायका कळश्या घेऊन पुढं झाल्या आणि पाणी वाटून गेलं.

मृगाच्या आधीच बन्सी गेला.

आता त्याला ठेवायचा कुठं? मंडळीच्या दफनभूमीत रांगा आहेत, त्या बुडी घेतलेल्यांच्या. भिंतीकडची पट्टी बाकीच्यांची. नाव न ठेवताच गेलेली लेकरं, वाटसरू, असे. पंच बसले. पाळक हळूच म्हणाले, “दादा, तारण काही एका दिवसात होऊन संपत नाही. माणूस मंडळीत राहतो, वाढतो, तेही तारणच. बन्सीबाबा आपल्यात वाढले.”

“मला कळत नाय का ते?” साहेबराव एकदम चिडला. “पन त्याच्यासाठी नियम मोडला, तर माझा सोबती म्हनून मोडला म्हनतील.”

लोक काय म्हणतील ह्या भ्यानं एकानं बुडी घेतली नाही, आणि त्याच भ्यानं दुसऱ्यानं जागा दिली नाही. भिंतीकडं खड्डा घेतला.

माती द्यायच्या वेळी पारूबाई रडली नाही. साहेबरावाला म्हणाली, “दादा, मी विहिरीतून निघाले ती तोंडाळच निघाले. ह्या द्वारकीशी भांडून, हिचीच माफी मागून, जी काय सुधारले ती सुधारले. आमचं म्हातारं कुनाशी न भांडता, बाजूला बसून, मुकाट सगळ्यांचं करत व्हतं. मंग ते कोरडं आन मी वली कशी?”

तिनं खड्ड्याकडं बोट केलं. पुढं म्हणाली, “रांगेत माझी जागा हाय ना? ती देऊन टाका कुनाला. मला हितं, ह्याच्या अंगाला.”

“आन मला हिच्या शेजारी,” द्वारकाबाई म्हणाली. “ही एकटी कुनाशी भांडंल?”

साहेबरावानं मूठभर माती उचलली, पण टाकली नाही. त्या पट्टीवरून लांबवर नजर फिरवत म्हणाला, “मंग रांग आता हिकडूनच, बन्सीपासून धरावी लागंल.” आणि तिथंच मुरमावर बसला. पाळकानं प्रार्थना सुरू केली, सगळे उभे राहिले. साहेबराव मात्र उठला नाही, आणि मूठही सोडली नाही.