त्या वाक्यानंतरची दुपार

काल टीव्हीवर एक जुनी इंग्रजी मालिका लागली होती. तिच्यात दोन मिनिटांपुरता एक डॉक्टर आला, एका बाईला म्हणाला, "आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही," आणि दृश्य संपलं. त्या नटाला मी ओळखत होते.

इंग्लंडमधल्या एका इस्पितळात मी नर्स होते, तेव्हा त्यांची बायको आमच्या वॉर्डात होती. जन्मभर ते टीव्हीवर कधी पाद्री, कधी पोलीस, कधी खुनी झाले होते. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," असं सगळेच म्हणायचे; नाव मात्र कुणालाच आठवायचं नाही.

ती गेली तेव्हा ते खाली चहा प्यायला गेले होते. ते परत आल्यावर सांगायची वेळ माझ्यावर आली. माझी नजर काही वर उठेना.

"सिस्टर, माझ्याकडे बघून सांगा," ते हळूच म्हणाले. "हे वाक्य मीही खूपदा म्हटलंय."

मी सांगितलं.

"इथं आमचा कॅमेरा बंद व्हायचा," ते म्हणाले. "पुढं माणसं काय करतात, मला खरंच ठाऊक नाही."

कुणाला ठाऊक असतं? मरणाची बातमी कशी सांगावी हे आपण कुठूनतरी शिकतो, पण त्यानंतरची दुपार कशी काढायची ते कुणीच शिकवत नाही.

मी त्यांना तिच्यापाशी नेलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग आता मी घरी जायचं?"

मी हो म्हटलं. ते कोट घालू लागले, पण त्यांना बाही सापडेना. शेवटी मीच ती धरली.