पाळीवरून उतरणारी गाडी

सोमवारी सकाळी शहापूरच्या महामार्गालगत एका गॅरेजात नव्या तीनचाकी मालगाडीचे उद्घाटन ठरले होते. अर्धा तास आधी ती बनवणाऱ्या मेकॅनिकनेच तिचे मागचे चाक काढून ठेवले.

मी त्याच्याकडे वर्षानुवर्षे मोटारसायकल दुरुस्तीला नेतो. बोलताना तो समोरच्याकडे नव्हे, स्वतःच्या हातांकडे पाहतो. मायलेज कधी अंदाजाने सांगत नाही. हँडलला सलाईनची बाटली टांगतो, तीत मोजून पेट्रोल भरतो आणि ते संपेपर्यंत स्वतः गाडी चालवतो. या गाडीला पेट्रोल फारच कमी लागते, हेही त्याने तसेच तपासले होते. पण रिकाम्या गाडीवर. रविवारी त्याने धानाची पोती लादली. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे उंच बांधावरून, उतरताना ब्रेक लागेना.

पहिले गिऱ्हाईक असलेले तुमसरचे गिरणीमालक हार घेऊन आले.

"चाक काहून काढलं गा?"

"पोती भरली का गाडी थांबत नाही, शेटजी."

"धान निघून राहिलं. आज गाडी दे, ब्रेकचं मागाहून पाहजो. नाही त मी दुसरी घेतो."

"चाक आत्ता लावतो, पोती भरतो. तुम्ही पाळीखाली उभे राहा, मी वरून गाडी आणतो."

शेटजी उभे राहिले नाहीत. हारही परत नेला.

बुधवारी त्यांच्या गिरणीत दुसऱ्या बनावटीची गाडी आली. गुरुवारी मी गॅरेजात गेलो, तेव्हा चाक भिंतीला टेकलेले होते आणि तो नवा ब्रेक बसवत होता.