छापीलबाईंची शेवटची पाहणी

आमच्या कचेरीत त्यांना पाठीमागे सगळे छापीलबाई म्हणायचे. फॉर्मवर छापलं असेल तेवढंच त्या विचारायच्या. समोरच्याला कळलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा, त्याच सुरात. मी नवीन असताना एका आजींना "म्हणजे तुम्हाला करमत नाही, असंच ना?" असं विचारून बसले होते. बाईंनी तो फॉर्म तिथेच फाडला. "तुझं उत्तर त्यांच्या तोंडात घातलंस," म्हणाल्या. मला भयंकर राग आला होता. थोडा अजूनही आहे.

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी आमच्याकडे एका योजनेची पाहणी आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी जायचं, तासभर गप्पा मारायच्या, जमलं तर फिरवून आणायचं, एवढीच योजना. तिचा उपयोग होतो का, हे आम्ही बघायचं होतं. सुरुवातीला बारा प्रश्न विचारले होते. वर्षाअखेर तेच बारा पुन्हा. एकटेपणा कमी झालेला दिसला तर योजना चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

शेवटच्या फेरीत आम्ही दोघी एका घड्याळजींकडे गेलो. दुकान कधीच विकलेलं, बायको जाऊन चार वर्षं झालेली. पहिल्या खेपेला ते वाढलेल्या दाढीनं, पडदे ओढलेल्या खोलीत बसले होते. आता खिडक्या सताड उघड्या आणि अंगात इस्त्रीचा सदरा. दर मंगळवारी एक निवृत्त नर्सबाई त्यांच्याशी पत्ते खेळायला यायच्या. "भारी लबाड बाई! पत्ते लपवते," असं सांगून आजोबा खो खो हसले.

बाईंनी फॉर्म काढला आणि आजोबांचं हसू मावळलं.

"गेल्या महिन्यात तुम्हाला एकटं वाटलं का?"

"रोज."

"मन मोकळं करायला कुणी आहे का?"

"कुणी म्हणजे कुणी नाही."

बाराच्या बारा उत्तरं तशीच, पहिल्या खेपेपेक्षाही वाईट. बाईंचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी खुणा केल्या आणि सही घेतली.

दारात मला राहवलं नाही. "आजोबा, आत्ता तर हसत होतात की!"

"हळू बोल गं," ते म्हणाले. "मागे एकजण गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला यायचा. बरं वाटतंय म्हणालो, तर दुसऱ्या दिवसापासून बंद! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता बागेत जमणाऱ्या आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांनी ठरवलंय, बरं आहे असं कुणी म्हणायचं नाही."

जिन्यात मी बाईंना म्हटलं, "अहो, त्यांना सांगू या ना, खरं बोललात तरच योजना टिकेल."

"सांगितलं की ते आपल्याला हवं तेच बोलणार. मग ती पाहणी कसली?"

बरोबर होतं त्यांचं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. पण कचेरीत आल्यावर बाईंनी एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कोऱ्या कागदावर आजोबांचा सदरा, खिडक्या, बागेतलं ठरवणं, सगळं लिहिलं आणि कागद घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेब एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, फॉर्मबाहेरचं काही धरायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनाही वाईट वाटत होतं.

बाई जागेवर येऊन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मला त्यांची फार दया आली.

अहवालात 'उपयोग दिसून आला नाही' एवढं एक वाक्य गेलं आणि योजना बंद झाली.

हे कळवणं आमचं काम नव्हतं, तरी बाई घड्याळजींकडे स्वतः गेल्या. मीही गेले. उत्तरं वाईट आली म्हणून योजना बंद केली, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आजोबांच्या काही ते डोक्यात शिरेना.

"पण बाई, मी तर सगळं वाईटच सांगितलं होतं," ते म्हणाले. "आणखी वाईट सांगायला हवं होतं का?"