शालूबाईंच्या दाराचं लॅच

जोतीरामने आयुष्यात कुलपांच्या लाखभर पिना केल्या असतील, पण कुलूप उघडतं कसं हे त्याला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. कुपवाडच्या कारखान्यात तो लेथवर पितळेच्या पिना कातायचा. जोडणी व्हायची दुसऱ्या शेडमध्ये. तपासणीत नापास झालेला माल कामगारांनी विचारून घरी न्यायचा, अशी तिथली रीत. तसलंच एक लॅच त्याने मेढ्याजवळच्या गावी, आईच्या, शालूबाईंच्या, दाराला बसवलं.

दिवसा दार लावलेलं दिसलं तर घरात कोण आजारी आहे, असं विचारणारं ते गाव. शालूबाईंना दाराआड बसणं जिवावर यायचं. पण मागच्या आळीत चोरी झाली आणि जोतीरामने हट्टच धरला. दार लावायचं आणि लॅचचं आतलं बटणही दाबायचं. जादा किल्ली त्याने शेजारच्या दादासोकडे दिली. बटण दाबलेलं असलं तरी बाहेरून किल्लीने उघडतं, असं ठासून सांगितलं. करून मात्र पाहिलं नाही. पिना आपण काततो म्हणजे कुलूप आपल्याला कळतं, असं त्याला वाटायचं. आपण सगळेच कुठे ना कुठे असे शहाणे असतो.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आईला नेहमीसारखा फोन केला. छातीत जळजळतंय, म्हणाल्या. नेहमीची चौकशी करून, पडून राहा सांगून त्याने फोन ठेवला. तासाभराने पुन्हा लावला तर कोणी उचलेना. मग त्याने दादासोला फोन लावला. दादासो किल्ली घेऊन धावला. धावतानाही त्याने फोन चालूच ठेवला होता.

"जोतीराम, काकू आत कण्हतीया, पण किल्ली फिरंना रं."

दीडशे किलोमीटरवर मशीनपाशी उभं राहून जोतीरामने किल्लीची ती खरखर ऐकली. खिडकीचे गज कापून आत शिरेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर शालूबाई गेल्या होत्या.

ती खरखर त्याच्या कानातून पुढे गेलीच नाही. भाकरीच्या तव्यावर उलथनं घासलं तरी तो दचकायचा. स्वतःच्या घराचं दारसुद्धा बायकोला, राजेश्वरीला उघडायला लावायचा. आपल्यापुरता त्याने निकाल लावून टाकला होता. माल नापास होता, एखादी पीन केसभर लांब असणार, आणि ती आपल्याच हातची. आईचे दिवस झाल्यावर त्याने ते लॅच काढून आणलं आणि फडक्यात बांधून कपाटात ठेवलं. त्यात किल्ली घालून पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

कारखान्यात तपासणीला अतिशय नावाचा तरुण होता. त्याला किल्लीशिवाय कुलपं उघडायचा नाद. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. जोतीराम त्याच्याकडे शिकायला बसला. एकेका भोकात एकावर एक दोन पिना, वर स्प्रिंग. किल्लीचे दाते पिना अशा उचलतात की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात, आणि तेव्हाच मधली नळी फिरते. किल्ली नसेल तर नळीवर हलका ताण ठेवायचा आणि बारीक सळईने एकेक पीन उचलायची. जागेवर बसली की टिक् होतं. वर्षभरात जोतीरामच्या बोटांना ते टिक् ऐकू यायला लागलं.

एका रविवारी दुपारी त्याने फडकं सोडलं. पाच वेळा टिक् झालं आणि नळी फिरली. मग त्याने किल्ली घातली. तीही सहज फिरली, पुन्हा पुन्हा फिरली. पिनांत काही दोष नव्हता. जोतीरामला रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी त्याला छाती भरून श्वास घेता आला.

मग त्या दिवशी का फिरली नाही?

त्याने लॅच उलटं केलं, आतलं बटण दाबलं आणि किल्ली घातली. फिरेना. जोर लावला, तर तीच खरखर.

त्या दुपारच्या फोनमधलं शेवटचं बोलणं त्याला आठवलं. खरं तर तो ते विसरलाच नव्हता, फक्त खरखरीखाली दडपून ठेवलं होतं. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं होतं, बटण दाबलंस का. पलीकडून खाटेची करकर आली, मग घासत जाणारी पावलं, मग बराच वेळ धाप.

"आत्ता दाबलं रं. उघडंच ऱ्हायलं हुतं."