आखूड पट्ट्यावरची गाडी

हिरामावशीला कुठेही झोप लागायची. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली, चावी फिरवली, की ती स्टिअरिंगवर कपाळ टेकायची आणि मिनिटभरात घोरू लागायची. मी काचेवर टकटक केली की डोळे उघडायच्या आधीच तिचा हात चावीकडे जायचा. "झोपली नव्हती गं," ती म्हणायची, "डोळं जरा टेकवलं व्हतं."

नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. आम्ही डोंबिवलीत राहत होतो आणि मी शाळेत शिकवत होते. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या घशात गाठ निघाली. ऐन मे महिन्यात त्यांना रोज मुंबईला रेडिएशनचा शेक घ्यायला न्यायचं ठरलं. एकही दिवस चुकवायचा नाही, धूळ आणि उन्हापासून जपायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसी असलेली भाड्याची गाडी आमच्या माहितीत एकच होती, कल्याणच्या कोळीवाड्यातल्या हिरामावशीची.

गाडी खरं तर तिच्या नवऱ्याची. होडी विकून त्याने ती घेतली आणि दोनच वर्षांत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला. बाजारात मावरं, म्हणजे मासळी, विकणारी मावशी पन्नाशीच्या तोंडावर भावाकडून गाडी चालवायला शिकली. सकाळी नवऱ्याचं सगळं उरकून ती आमच्या दारात यायची. आम्हाला परत सोडलं की लग्नाची भाडी. एक दिवस तरी सुट्टी घे म्हटलं, तर म्हणाली, "भरती-ओहोटीला कोन सुट्टी देतो?"

एकदा मुंब्र्याच्या अलीकडे बॉनेटखालून कर्कश किंचाळी आली आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास. मावशीने एसी बंद केला, तरी किंचाळी थांबेना. कशीबशी तिने गाडी एका गॅरेजपुढे नेली. मेकॅनिकने आत डोकावून मान हलवली.

"एसीचा कॉम्प्रेसर गेलाय, मावशी. पुली जाम झालीय. स्विच बंद करून उपयोग नाय, पट्टा तिच्यावरूनच फिरतो. तो तुटला की पाण्याचा पंप पण बंद. मग इंजिन उकळणार."

"मग?"

"दोन-तीन दिवस गाडी ठेवा, दुसरा कॉम्प्रेसर बघतो. नायतर आखूड पट्टा टाकून याला वगळतो. गाडी पळेल. एसी इसरायचा."

लग्नसराई चालू होती आणि मावशीला भाडी मिळत ती एसीमुळेच. तिने मागे वळून आप्पांकडे पाहिलं. ते रुमालात थुंकी टिपत बसले होते. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं.

"टाक आखूड," ती म्हणाली.

मेकॅनिकने कॉम्प्रेसर सोडून बाकीच्या पुल्यांवरून सुतळी फिरवली, त्या मापाचा पट्टा शोधून चढवला आणि आम्ही निघालो. घामाने चिंब होऊन पोचलो, पण शेक चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मागच्या दोन्ही खिडक्यांना जुन्या लुगड्याचे ओले पडदे लावलेले होते. पुढे पाण्याची कळशी. शिळफाट्याला आणि मुलुंडला गाडी थांबवून ती पडदे पुन्हा भिजवायची. आप्पांना तो ओला वारा मानवला. लग्नाची भाडी मात्र तुटली. "नवरीची पावडर वितळली, सासू माझ्यावर वराडली," मावशी सांगायची, हसायची आणि हसता हसताच जांभई द्यायची. शेवटच्या दिवशी आप्पांनी हात जोडले, तर तिने ते धरून खाली केले. "मना नको. बरा हो म्हंजी झाला."

आप्पा बरे झाले. मावशीची भेट होईनाशी झाली. काही वर्षांनी कल्याणच्या मासळीबाजारात ती अचानक दिसली. पुढ्यात बोंबलांची पाटी, केस पार पांढरे.

"मावशी, गाडी?"

"इकली. नवरा देवाघरी जेला, तवाच."

"इतकी वर्षं चालवलीस, मग एकदम का गं?"

तिने बोंबलांवर पाणी शिंपडलं. "तो खिडकीतून गाडीकडं बघत पडायचा. रोज बोलायचा, उठलो की मीच चालवणार. इकली असती तर तेला कळला असता ना, आता आपन काय उठत नाय. म्हनून चालवली. मना कवा आवडलीच नाय गं. रोज भ्याव वाटायचा."

"आम्हाला न्यायचीस तेव्हासुद्धा?"

"तवा तर लईच. मागं आजारी मानूस."

मग तिने विचारलं, "आप्पा जेवतो ना आता नीट?"

"जेवतात."

तिने दोन्ही हातांनी बोंबील उचलले आणि माझ्या पिशवीत टाकले.