समासातले भाऊजी

माझ्या धाकट्या दिरासारखा पुस्तकांशी भांडणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, पैज लावा. भाऊजी अल्लीपूरच्या वाचनालयात चाळीस वर्षं ग्रंथपाल होते. परत आलेलं पुस्तक आधी हुंगायचे. "वयनी, हे चुलीजवळ वाचलं. फोडणी जळाली ना?" अन् खरंच जळालेली असायची हो! मग पानाच्या समासात बारीक पेन्सिलीनं लिहायचे. लेखकाला झापायचे, 'इथं उगाच पाल्हाळ लावलं.' कोण वाचून हसलं, कोणी अर्ध्यात सोडलं, तेही लिहायचे.

मागच्या वर्षी पुस्तकांचे फोटो काढून संगणकात घालायला एक मुलगी आली. म्हणे, यंत्र सगळी पुस्तकं वाचेल अन् विचारलं की बोलून उत्तर देईल. "काका, आधी पेन्सिल खोडा, नाहीतर यंत्र तीही वाचेल." भाऊजींनी दोन पानं खोडली अन् रबर ठेवून दिलं. "वाचू दे त्याले. फुकटात शहाणं होईल."

पुढे भाऊजींचंच खोडलं जायला लागलं. आधी पुस्तकांची नावं गेली, मग माणसांची. एकदा मलाच म्हणाले, "बाई, तुमी कोनाकडच्या?"

एका दुपारी वाचनालयात जाऊन मी यंत्राला सहज विचारलं, घर सोडून जाणाऱ्या सुनेची ती कादंबरी कोणती? नाव सांगून ते पुढं म्हणालं, "परत करताना वयनी काही बोलल्या नाहीत. एकशे बाराव्या पानावर थेंब आहेत." मी कोण, हे त्याला सांगितलंच नव्हतं. अन् ते पुस्तक वाचून मी रडले, हे तर माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. वाटलं, कपाटांमागून कोणी तरी बघून राह्यलं. मुलीनं ते पान उघडून दाखवलं. तेच शब्द होते, भाऊजींच्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना तिथं नेऊन बसवलं. म्हटलं, इथं समासात ते शिल्लक आहेत, तर आपले आपल्याला सापडतील. यंत्र त्यांनीच समासात लिहिलेलं वाचून दाखवायला लागलं. ऐकता ऐकता ते हसले. "वयनी, हा कोन? याले आपल्या घरचं लय माहीत हाय." किती महिन्यांनी मला 'वयनी' म्हणाले! मग यंत्राकडे वाकले, हळूच म्हणाले, "बाबू, माह्यं नाव काय?"

यंत्र म्हणालं, "ते कोणत्याच पानावर लिहिलेलं नाही."

खरंच की! सगळ्या गावाबद्दल लिहिलं, स्वतःचं नाव मात्र एकदाही नाही. भाऊजींचा चेहरा इवलासा झाला. मी त्यांच्या खिशातली पेन्सिल काढली, एकशे बाराव्या पानावर, त्या थेंबांशेजारी, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं अन् मुलीला म्हटलं, "पोरी, याचा फोटो पुन्हा काढ."

भाऊजींनी पुस्तक ओढून घेतलं. हुंगलं. माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं अन् रागावून म्हणाले, "वयनी, पुस्तकात लिहू नये."